शिकागोत साठ हजार प्रेक्षक येतात, मग रग्बी रुजत का नाही?

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या एका मराठी वाचकांनी विचारलंय: 1 नोव्हेंबर 2025 ला सोल्जर फील्डवर आयर्लंड–न्यूझीलंड सामना सहकुटुंब पाहिला. स्टेडियम खचाखच भरलेलं होतं. चौदा वर्षांची मुलगी तेव्हापासून रग्बीच खेळायचं म्हणते. पण दुसऱ्या दिवसापासून शहरात या खेळाचं नावनिशाण दिसेना. आंतरराष्ट्रीय रग्बी शिकागोत खरोखर वाढवायची तर काय करावं लागेल, आणि ते होण्यासारखं आहे का?

मी सामन्याच्या दिवसाची व्यवस्था पाहतो. मैदानाची आखणी, प्रवेशद्वारं, तिकिटं, रुग्णवाहिका कुठे उभी करायची, असली कामं. त्यामुळे माझं उत्तर खेळाडूचं नसेल, स्टेडियम भाड्याने घेणाऱ्या माणसाचं असेल. होण्यासारखं आहे, पण आणखी एक मोठा सामना आणून ते होणार नाही. मोठा सामना भरवणं या शहराला केव्हाच जमलंय. सामना आटोपल्यावर शहराच्या पदरात काय राहतं, हे मात्र करार करताना कोणी विचारत नाही. खरी अडचण तिथे आहे.

आधी गर्दीचं बघू, कारण गर्दीच्या आकड्यांवरून लोक चुकीचे निष्कर्ष काढतात. 1 नोव्हेंबर 2014 ला ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा संघ, इथे अमेरिकेविरुद्ध खेळले. स्टेडियम भरलं, सुमारे 61,500 लोक होते आणि सामना एनबीसीवर थेट दिसला. निकाल 74–6. पाहुण्यांनी अक्षरशः धुऊन काढलं, तरी लोक खुशीत घरी गेले. मग पुढच्याच वर्षी, 5 सप्टेंबर 2015 ला, ऑस्ट्रेलियाला बोलावलं. तेच स्टेडियम, तोच यजमान संघ. प्रेक्षक आले तेवीस हजारांच्या आसपास. ऑस्ट्रेलिया काही लिंबूटिंबू नव्हता. त्यानंतर दोन महिन्यांत तो विश्वचषकाची अंतिम फेरी खेळला.

फरक कशाने पडला? एक म्हणजे ऑल ब्लॅक्स हे नाव रग्बी न कळणाऱ्यालाही ठाऊक असतं. काळी जर्सी आणि हाका (सामन्याआधी ते करतात ते माओरी नृत्य) एवढी पुंजी पुरते. दुसरं, तारीख. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे, आणि त्या सलग सुट्टीत अर्धं शिकागो मिशिगन किंवा विस्कॉन्सिनच्या तळ्यांकाठी पळालेलं असतं. शिवाय कॉलेज फुटबॉलचा हंगाम त्याच शनिवारी सुरू होतो. अशा दिवशी कोणताही नवा खेळ विकायला काढणं म्हणजे गणपती विसर्जनाच्या दिवशी गिरगावात नाटकाचा प्रयोग लावण्यासारखं आहे.

मग 5 नोव्हेंबर 2016. आयर्लंड 40, न्यूझीलंड 29. आयर्लंडने 111 वर्षांत पहिल्यांदाच ऑल ब्लॅक्सना हरवलं, तेही इथे, 62 हजारांवर प्रेक्षकांसमोर. आयर्लंडचे माजी खेळाडू अँथनी फोली नुकतेच वारले होते. त्यांच्या जर्सीचा आठ हा आकडा करून आयरिश खेळाडू हाकासमोर उभे राहिले, ते दृश्य रग्बीप्रेमींच्या अजून डोळ्यांसमोर आहे. शिकागोकरांना मात्र तो आठवडा वेगळ्याच कारणासाठी आठवतो. बुधवारी रात्री शहराच्या बेसबॉल संघाने, कब्सनी, 108 वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकली होती, शुक्रवारी विजययात्रा होती, आणि शनिवारी सकाळी आम्ही लेकशोअरच्या बाजूने सामान कसं आत न्यायचं याची चिंता करत होतो. (शहर एवढं खूश असलं की वाहतूक पोलीससुद्धा हसून बोलतात. पुन्हा तसा आठवडा मिळालेला नाही.)

2025 ला तीच जोडी परत आली. न्यूझीलंडने 26–13 असा हिशेब चुकता केला आणि स्टेडियम पुन्हा भरलं.

यातून एक गोष्ट कळते: गर्दी खात्रीची होते ती आयर्लंड आणि ऑल ब्लॅक्स ही जोडी आल्यावर. दक्षिण शिकागोतली आयरिश वस्ती, सेंट पॅट्रिक डेला नदी हिरवी करणारं हे शहर, आणि डब्लिनहून थेट विमानाने येणारे हजारो चाहते. त्यात वेळेचंही गणित बसतं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी इथे दुपारी तीन वाजता सामना सुरू केला की डब्लिनमध्ये रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि ऑकलंडमध्ये रविवार सकाळचे नऊ. दोन्ही देशांच्या वाहिन्यांना ही वेळ सोन्यासारखी. शनिवारही शिकागोत तुलनेने मोकळा असतो. शहरात बलाढ्य कॉलेज फुटबॉल संघ नाही. नॉर्थवेस्टर्न एव्हन्स्टनला आहे आणि नोत्र दाम दीड तासावर, शेजारच्या इंडियानात. टेक्सास किंवा ओहायोच्या एखाद्या शहरात शरदातल्या शनिवारी असा सामना लावून दाखवा.

रविवार मात्र बेअर्सचा, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या शिकागोच्या संघाचा. म्हणून आतापर्यंतच्या नोव्हेंबरमधल्या सामन्यांच्या तारखा तपासल्या तर दिसेल की प्रत्येक वेळी बेअर्सचा आठवडा मोकळा होता किंवा ते परगावी होते: 2014 आणि 2016 ला सुट्टी, 2018 ला बफेलोत, 2025 ला सिनसिनाटीत. 2016 ला तर सोमवारी रात्री त्यांनी याच गवतावर मिनेसोटाशी सामना खेळला आणि शनिवारी तिथे रग्बी झाली. मधले चार दिवस मैदान सांभाळणाऱ्या लोकांचे. एनएफएलच्या खुणा घासून काढायच्या, नवी आखणी रंगवायची, वायच्या आकाराचे गोलपोस्ट काढून एचच्या आकाराचे उभारायचे, त्यांच्या खांबांना गाद्या बांधायच्या.

रुंदी ही दुसरी डोकेदुखी. अमेरिकन फुटबॉलचं मैदान जेमतेम 49 मीटर रुंद असतं. रग्बीला 68 ते 70 मीटर लागतात. सोल्जर फील्डवर 1994 च्या फुटबॉल (इथलं सॉकर) विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना झाला होता, आणि 2003 च्या पुनर्बांधणीनंतरही तिथे सॉकर होतंच, त्यामुळे जागा निघते. पण देशातल्या कितीतरी एनएफएल स्टेडियममध्ये पहिल्या रांगेच्या खुर्च्या उखडल्याशिवाय कडेने पळणाऱ्या विंगरला जागा मिळत नाही. टीव्हीवर हे कळत नाही. शिकागो पुन्हा पुन्हा निवडलं जातं त्याला आयरिश लोकांइतकंच हेही कारण आहे.

आता दुखऱ्या जागेकडे येतो. 2014 ला मैदानावर अमेरिकेचा संघ होता. 2016 ला नव्हता. 2025 ला तर ईगल्स, म्हणजे अमेरिकेचा रग्बी संघ, त्याच दिवशी एडिंबरात स्कॉटलंडकडून 85–0 असे हरत होते. म्हणजे शिकागोत साठ हजारांवर अमेरिकी आणि आयरिश लोक दुसऱ्या दोन देशांसाठी घसा फोडत होते, आणि ज्या संघासाठी इथल्या मुलीने किंवा मुलाने कधीतरी खेळायचं, तो समुद्रापलीकडे मार खात होता. धंदा म्हणून यात काही वावगं नाही. दोन संघटनांना मानधन, प्रवर्तकाला तिकिटांचं उत्पन्न, हॉटेलांना भरलेल्या खोल्या, आणि प्रायोजक खूश. 2014 ला प्रायोजक ऑल ब्लॅक्सचा तेव्हाचा मुख्य पुरस्कर्ता एआयजी होता. 2025 ला सामना गॅलाघर कपच्या नावाने झाला, आणि गॅलाघर ही विमा दलाली कंपनी शिकागोच्याच उपनगरातली. तेवढी एक गोष्ट स्थानिक होती.

मला विचाराल तर आजवरचा सर्वांत चांगला कार्यक्रम 3 नोव्हेंबर 2018 चा. एका तिकिटात तीन सामने: अमेरिकेच्या महिला विरुद्ध ब्लॅक फर्न्स (न्यूझीलंडच्या महिला), ईगल्स विरुद्ध माओरी ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडच्या माओरी खेळाडूंचा संघ), आणि मग आयर्लंड विरुद्ध इटली. अमेरिकेचे दोन्ही संघ हरले, आयर्लंड 54–7 ने जिंकलं. प्रेक्षक साधारण 35 हजार होते, म्हणून हिशेबाच्या वहीत तो दिवस फिका ठरला आणि पुन्हा कोणी तसा घाट घातला नाही. माझ्या मते तो साचा बरोबर होता, फक्त मुख्य सामना कमजोर होता. तोच दिवस आयर्लंड–न्यूझीलंडला जोडून, आधी अमेरिकेच्या महिलांचा सामना ठेवला असता तर? तिकीट त्याच किमतीला गेलं असतं. तुमच्या मुलीने हाकाच्या आधी आपल्याच देशाच्या मुलींना स्क्रममध्ये, खांद्याला खांदा लावून रेटताना, पाहिलं असतं.

महिलांचं मी मुद्दाम म्हणतोय. अमेरिकेत रग्बीचा सर्वांत सोपा दरवाजा त्यांच्यासाठी आहे. पहिला महिला विश्वचषक, 1991 चा, अमेरिकेने जिंकला होता. पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीच्या, कांस्यपदकाच्या लढतीत शेवटच्या क्षणी ॲलेक्स सेड्रिक मैदानभर पळाली आणि ऑस्ट्रेलियाला 14–12 ने हरवलं. त्यानंतर उद्योजिका मिशेल कांग यांनी या संघासाठी 40 लाख डॉलर जाहीर केले. याच संघातल्या इलोना माहेरला रग्बीचा र न कळणारे लोक ओळखतात. कॉलेजांनाही कायद्यामुळे मुलींच्या खेळांना संधी द्यावी लागते, आणि कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने महिला रग्बीला 2002 पासून उगवत्या खेळांच्या यादीत ठेवलंय. मुलांच्या बाबतीत अमेरिकन फुटबॉलशी टक्कर आहे. मुलींसाठी त्या ताकदीचा, अंगाला अंग भिडवणारा सांघिक खेळ जवळपास नाहीच.

मग शहरात वर्षभर रग्बी आहे कुठे? आहे, पण शोधावी लागते. शिकागो लायन्ससारखे क्लब 1960 च्या दशकापासून चाललेत. व्यावसायिक संघही आहे: शिकागो हाउंड्स, 2023 पासून मेजर लीग रग्बीत. त्यांचं घरचं मैदान ब्रिजव्ह्यू या उपनगरातलं सीटगीक स्टेडियम. मैदान उत्तम, साधारण वीस हजारांचं, रुंदीही योग्य. पण लूपमधून, म्हणजे शहराच्या मध्यभागातून, तिथे जायचं तर ऑरेंज लाइनच्या रेल्वेने मिडवेपर्यंत आणि पुढे बस. मार्चच्या वाऱ्यात. ज्या शिकागो फायर या सॉकर संघासाठी 2006 ला ते बांधलं, त्या संघाने करारातून सुटण्यासाठी 6 कोटी डॉलरहून जास्त मोजले आणि 2020 ला शहरात परत आला. सॉकरला जे जमलं नाही ते नवख्या रग्बी संघाला जमेल अशी अपेक्षा मी तरी ठेवणार नाही. लीगची अवस्थाही नाजूक आहे. 2025 च्या हंगामानंतर एकामागून एक संघ बाहेर पडले आणि 2026 साठी सहाच उरले. हाउंड्स त्या सहांत आहेत, हे शिकागोचं नशीब म्हणा किंवा चिकाटी.

इथून पुढे माझा सल्ला कोणी विचारला तर तो असा असेल. सामन्याच्या करारात तीन कलमं घाला.

पहिलं, तिकीट घेणाऱ्यांची यादी. साठ हजार लोकांनी आपला ईमेल आणि पिनकोड देऊन तिकीट काढलेलं असतं. ही यादी सहसा प्रवर्तक आणि तिकीट कंपनीकडे राहते, पुढचा सामना दुसऱ्या शहरात असला की तिथल्या जाहिरातीला वापरली जाते, आणि स्थानिक क्लबला तिचा वासही लागत नाही. इथल्या पिनकोडच्या ग्राहकांना, अर्थात त्यांची संमती घेऊन, पुढच्या सोमवारी एकच पत्र गेलं पाहिजे: तुमच्या घराजवळ रग्बी कुठे खेळता येईल, आणि हाउंड्सचा पहिला घरचा सामना कधी आहे. यजमान देशाच्या संघटनेच्या संमतीशिवाय परदेशी संघांना इथे कसोटी, म्हणजे रग्बीचा आंतरराष्ट्रीय सामना, खेळता येत नाही, त्यामुळे अमेरिकी संघटनेच्या हातात हुकमाचा पत्ता आहे. तिने तो आजवर फीच्या बदल्यात टाकला असं दिसतं. त्यातही नवल नाही. मार्च 2020 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागलेली संघटना रोख पैशालाच आधी हात घालणार.

दुसरं, मैदानं. सोल्जर फील्ड कोणाचं? बेअर्सचं नाही. ते शिकागो पार्क डिस्ट्रिक्टच्या मालकीचं आहे, आणि शहरातली सहाशेवर उद्यानंही त्याच संस्थेची. लहान क्लबांची सगळ्यांत मोठी तक्रार असते की सरावाला मैदान मिळत नाही, मिळालं तर सॉकर आणि बेसबॉल उरकल्यावर काळोखात मिळतं. ज्या टेबलावर सोल्जर फील्डचं भाडं ठरतं, त्याच टेबलावर शहराच्या चार दिशांना चार मैदानांचे ठरलेले वार आणि दिव्यांची वेळ मागता येते. मालक एकच आहे. त्याला नुसत्या पैशाचीच पडलेली नसते, वर्तमानपत्रात छापून येईल असंही काही हवं असतं. बेअर्सनी 2023 ला उपनगरातल्या आर्लिंग्टन पार्कची जागा विकत घेतली, तेव्हापासून त्यांच्या स्थलांतराची चर्चा थांबलेली नाही. ते गेले तर या स्टेडियमला इतर भाडेकरू लागतील आणि रग्बीचा शब्द आणखी वजनदार होईल. फायरचं नवं, साधारण 22 हजारांचं स्टेडियम लूपच्या दक्षिणेला 2028 पर्यंत उभं राहायचं आहे. आकाराने ते ईगल्सच्या सामन्यांसाठी अगदी योग्य. त्याच्या वेळापत्रकात रग्बीचे दोन शनिवार आत्ताच लिहून घ्यायला हवेत, कोनशिला बसल्यावर नाही.

तिसरं, ठरलेली तारीख. 2018 नंतर पुढचा मोठा सामना थेट 2025 ला. मधे साथ आली हे खरं, पण 2021 ला ऑल ब्लॅक्स वॉशिंग्टनला आले, अमेरिकेला 104–14 ने हरवून गेले, आणि प्रचंड स्टेडियमचा बराच भाग रिकामा होता. 2026 च्या सप्टेंबरात ते दक्षिण आफ्रिकेशी बाल्टिमोरला खेळायचे आहेत. प्रत्येक शहर नव्याने सुरुवात करतं. नोव्हेंबरचा पहिला शनिवार म्हणजे शिकागोत रग्बी, असं लोकांच्या डोक्यात बसायला सलग काही वर्षं लागतील. दरवर्षी आयर्लंड परवडणार नाही. एखाद्या वर्षी ईगल्स विरुद्ध फिजी किंवा सामोआ, लहान मैदानावर, भरलेलं. अर्धं रिकामं मोठं स्टेडियम टीव्हीवर फार वाईट दिसतं, आणि प्रायोजक टीव्हीच बघतो.

2031 चा पुरुषांचा आणि 2033 चा महिलांचा विश्वचषक अमेरिकेत आहे. तेव्हा आपोआप सगळं होईल, असं इथले बरेच लोक बोलतात. त्यांना मी क्रिकेटकडे बघायला सांगतो, आणि हे तुम्हा मराठी वाचकांना वेगळं सांगायला नको. 2024 च्या ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकात भारत–पाकिस्तान सामना न्यूयॉर्कजवळ नासाऊत झाला. 34 हजारांचं तात्पुरतं स्टेडियम काही महिन्यांत उभं केलं आणि सामने संपल्यावर खोलून नेलं. त्याच स्पर्धेत डॅलसजवळ ग्रँड प्रेरीला आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं. ते मैदान पूर्वी बेसबॉलचं. स्पर्धेआधीच क्रिकेटसाठी कायमचं बदललेलं, आणि मेजर लीग क्रिकेट तिथे 2023 पासून खेळलं जातंय. मोठा सामना नासाऊला मिळाला. खेळ ग्रँड प्रेरीला राहिला. शिकागो आज नासाऊच्या बाजूला जास्त झुकलेलं आहे.

आणखी एक अडसर आहे, त्याबद्दल रग्बीवाले सहसा बोलत नाहीत. 2026 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या यजमानपदातून शिकागोने 2018 लाच अंग काढून घेतलं. करदात्यांवर किती बोजा पडेल याची खात्री फिफा देत नाही, असं तेव्हाच्या महापौरांच्या कार्यालयाचं म्हणणं होतं. म्हणजे हे शहर फुटबॉलच्या विश्वचषकाला नाही म्हणू शकतं. रग्बीच्या आयोजकांनी इथे अटी घालण्यापेक्षा शहराला काय देता येईल याची यादी घेऊन यावं, आणि ती यादी वरच्या तीन कलमांपासूनच सुरू होते.

आता तुमच्या मुलीचं, कारण ते या सगळ्यापेक्षा सोपं आहे. बहुतेक शाळांत रग्बी शाळेचा अधिकृत खेळ नसतो, क्लबमार्फत चालतो. म्हणून शाळेत विचारून उपयोग होत नाही आणि लोकांना वाटतं की काहीच नाही. राज्यातल्या शालेय वयोगटाची रग्बी ‘रग्बी इलिनॉय’ ही संस्था पाहते. तिच्याकडे तुमच्या भागातला मुलींचा संघ विचारा. पंधरा जणींचा संघ जमत नसेल तर सेव्हन्स असतं. नवख्या मुलीला ते बरं, चेंडू जास्त वेळा हातात येतो. प्रशिक्षकाला दोन प्रश्न जरूर विचारा: टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं) शिकवायला आधी गुडघ्यावर बसून सुरुवात करता का, आणि डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मुलीला त्या दिवशी परत मैदानात सोडत नाही ना. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा क्लब बघा. सामानात माउथगार्ड लागेल, तो दातांच्या डॉक्टरकडून मापाचा करून घ्या. बुटांना लगेच खर्च करू नका. सॉकरचे बूट चालतात. बेसबॉलचे, पुढच्या टोकाला एकटा खिळा असलेले, चालत नाहीत.